चौथऱ्याचा ताप

"तुमचा बर्फ किती थंड आहे?"

माझ्या फॅक्टरीच्या दारात उभं राहून हा प्रश्न विचारणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. बंदरावर आमची बर्फाची फॅक्टरी आहे. वडिलांनी टाकली, आता मी चालवतो. लोक येतात आणि विचारतात, लादी शिल्लक आहे का, अख्खी देणार की फोडून. बर्फ किती थंड आहे, हे आजवर ना होडीवरच्या कुठल्या तांडेलाने विचारलं, ना मासळीवालीने, ना लग्नातल्या आचाऱ्याने.

मी म्हटलं, "बर्फाइतका."

समोरचे गृहस्थ हसले नाहीत. पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, फुल शर्टाला कडक इस्त्री आणि खिशात पेनांच्या रांगेत एक थर्मामीटर. "तसं नव्हे," ते म्हणाले. "वजा दोनला देता की वजा आठला? फरक पडतो." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून चक्क एक गिरमीट काढलं आणि माझ्या देखत एका लादीला भोक पाडायला सुरुवात केली. मी ओरडणार होतो. पण ते इतक्या मन लावून भोक पाडत होते की मी बघतच राहिलो. थर्मामीटर आत सरकवून ते दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "वजा सहा. चांगला बर्फ आहे. मला रोज लागेल, आधी चाचण्यांना, मग कामाला."

"कशाला? मासळीचा धंदा आहे का तुमचा?"

"नाही. पूल आहे माझा."

हे रेडीजसाहेब. पावसच्या पुढे एका खाडीवर नवा पूल व्हायचा होता, त्या कामावर कंत्राटदार कंपनीने त्यांना करारावर आणलेलं. हुद्दा काय होता देव जाणे, पण काम एकच, काँक्रीटचा ताप बघणं. हो, तापच. त्यांचा शब्द.

सिमेंटात पाणी पडलं की ते आतून तापतं, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं. घराच्या स्लॅबला त्याचं काही वाटत नाही, कारण ती पातळ. पण पुलाच्या खांबाखाली काँक्रीटचा जो चौथरा असतो तो दीड पुरुष जाडीचा. त्याच्या पोटातली उष्णता बाहेर यायला दिवसच्या दिवस जातात. तोवर बाहेरचं अंग निवून आकसतं आणि आतलं अंग तापून फुगलेलं असतं. दोघांची ओढाताण होते आणि तडा जातो. म्हणून काँक्रीट ओततानाच गार हवं, आणि म्हणून पाण्याच्या जागी फोडलेला बर्फ घालायचा. हे सगळं रेडीजसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी उभ्याउभ्या समजावलं आणि शेवटी म्हणाले, "आत किती आणि बाहेर किती, एवढं बघायचं. फरक विसाच्या आत असला की झालं. कळलं ना, बर्फवाले?"

माझं नाव मयेकर आहे. पण त्या दिवसापासून मी बर्फवाले झालो तो झालोच.

त्यांना जागा हवी होती आणि आमची माडीवरची खोली रिकामी होती. त्यामुळे आठवड्याभरात ते आमच्याकडे राहायलाच आले. जेवण आमच्यात. आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावून बघणं हेही आमच्यातच. भिंतीला हात लावायचे, पाण्याच्या टाकीला लावायचे, उन्हातून आलेल्या माझ्या स्कूटरच्या सीटला लावायचे, आणि पुटपुटायचे, "बाहेर बेचाळीस." गरम चहानंतर कुणी फ्रिजातलं पाणी तोंडाला लावलं की ते अस्वस्थ होत. "अहो, दातांना तडे जातील." एकदा मी आणि बायको जोरजोरात भांडत होतो. हे जिन्यावरून उतरले, थबकले, आणि शांतपणे म्हणाले, "भांडा, भांडा. तापलेला माणूस फुटत नाही. आतून तापलेला आणि बाहेरून थंड दिसणारा फुटतो." आणि निघून गेले. आमचं भांडण कशावरून होतं ते आता आठवत नाही.

या माणसाचा मला राग यायचा, हेही कबूल करतो. सगळ्यात मोठी पंचाईत केली ती त्यांच्या लॅपटॉपने. चौथरा ओतण्याआधी तो त्यांना कॉम्प्युटरवर ओतायचा असे. सिम्युलेशन. मी विचारलं, मराठीत काय म्हणतात याला? म्हणाले, "सोंग. आपल्या कोकणातल्या नमनाच्या खेळात सोंग येतं ना, तसं. खरा चौथरा उभा राहण्याआधी त्याचं सोंग इथे नाचवून घ्यायचं. सोंगाला तडा गेला तर खऱ्यालाही जाणार." हे सोंग दोन-दोन दिवस नाचे. पडद्यावर चौथऱ्याचे हजारो चौकोनी तुकडे, मधले लालभडक, कडेचे निळे, आणि लाल रंग मुंगीच्या पावलांनी कडेकडे सरकतोय. पण एवढं नाचून लॅपटॉपलाच ताप यायचा आणि तो बंद पडायचा. मग रेडीजसाहेबांनी तो उचलला आणि थेट माझ्या बर्फाच्या कोठाराबाहेरच्या खोलीत आणून मांडला. ऐन मे महिन्यात, बाहेर माणसं घामाने निथळत असताना, आमच्या फॅक्टरीत हे गृहस्थ स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून बसलेले. बर्फ न्यायला आलेले खलाशी त्यांना आधी बघत आणि मग माझ्याकडे.

मासळीवाल्या तर भांडायलाच आल्या. "पुलाला बरफ, आनि आमच्या सुरमयला नाय? पूल काय सडनार हाय काय?" मी काही बोलायच्या आत रेडीजसाहेब पुढे झाले. "सडणार नाही, पण फुटेल," ते म्हणाले, आणि टोपली उतरवून बसलेल्या त्या सहा जणींना आत किती, बाहेर किती, हे समजावू लागले. दहा मिनिटांनी त्यातली म्हातारी उठली. "एवडा ताप हाय बिचाऱ्याला? मग घेवन जावा." तिने आपल्या वाटणीच्या दोन लाद्या पुलाला सोडल्या. मला तीस वर्षांत तिने एक मांदेली फुकट दिलेली नाही.

मांदेलीवरून आठवलं. बंदरावर बर्फ फोडायचं यंत्र सगळ्यांचं एकच. एकदा फोडलेल्या बर्फातून एक मांदेली पुलाच्या मिक्सरपर्यंत गेली. दुसऱ्याने तोंड दाबून गप्प बसायचं ठरवलं असतं. यांनी त्या दिवसाच्या अहवालात लिहिलं, 'परकीय पदार्थ: मासा, एक, लहान.' साइटचे मोठे मॅनेजर थोरात हे पश्चिम महाराष्ट्रातले, आवाज पहाडी. त्यांनी तो कागद हवेत नाचवत विचारलं, "काय राव रेडीज, हे वर पाठवू मी? वर माझी काय इज्जत राहील?" रेडीजसाहेब म्हणाले, "झालं ते लिहिलं, साहेब."

थोरातांचा या सोंगावर विश्वास नव्हता. आजवर बर्फ न घालता, कॉम्प्युटर न नाचवता आम्ही कमी पूल बांधले काय, हा त्यांचा सवाल. सोंग म्हणत होतं की ओतल्यावर आठ दिवस चौथऱ्यावरचं पांघरूण काढायचं नाही, साचा सोडायचा नाही. थोरातांना तिसऱ्या दिवशी साचा मोकळा हवा होता, कारण पाऊस तोंडावर आलेला. शेवटी तोड निघाली ती अशी की पहिला चौथरा रेडीजच्या पद्धतीने करायचा. तो धडधाकट निघाला तर पुढचे सगळे तसेच. तडा गेला तर सोंग बंद आणि रेडीजचा करारही बंद. ही अट मला त्यांनीच सांगितली, जेवताना, आमटी फुंकत फुंकत.

आमच्या आईशी मात्र त्यांचं जमलं. हंगामात आमच्या मागच्या खोलीत आंब्याची अढी असते. गवताचा थर, आंब्यांचा थर, पुन्हा गवत. रेडीजसाहेबांनी त्या अढीत तीन ठिकाणी तारा सोडल्या, अढीचं सोंग नाचवलं आणि जाहीर केलं की मधले आंबे परवा दुपारी तयार होतील. आईने गवतात कोपरापर्यंत हात घातला. "उद्या सकाळी काडूचे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबे तयार होते. रेडीजसाहेब बराच वेळ आईच्या हाताकडे बघत राहिले. "आईंचा हात अचूक आहे," ते म्हणाले, "माझ्या तारा चुकतात." तेव्हापासून ते कुठेही जाताना आईला सांगून जात. आई मला एकदा म्हणालीसुद्धा, "अरे, ह्या माणसाच्या घरात कोन हाय का नाय?" मी म्हटलं, असेल कुणीतरी.

चौथरा ओतला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी पहाटेपासून दुपारपर्यंत. मी जातीने बर्फ घेऊन गेलो. ओतून झाल्यावर रेडीजसाहेबांनी त्याच्यावर गोणपाटं घातली, गोणपाटांवर प्लास्टिक, प्लास्टिकवर घोंगड्या. चारी बाजूंनी नीट खोचल्या. शिवा मुकादम आणि त्याची पाच माणसं बाजूला उभी राहून बघत होती. एकाने विचारलंच, "साहेब, ताप हाय तर पांघरून कशाला?" रेडीजसाहेब म्हणाले, "थंडी वाजू नये म्हणून." त्या माणसाने मान डोलावली. मीही डोलावली. खरं तर आमच्या दोघांच्याही डोक्यात शिरलं नव्हतं.

दोन दिवस ते चौथऱ्याजवळून हलले नाहीत. रविवारी सकाळी त्यांना कुणाचा तरी फोन आला. ते बाजूला जाऊन बोलले आणि परत येऊन मला म्हणाले, "बर्फवाले, मला अलोऱ्याला जाऊन यावं लागेल. जरा काम आहे. इंजिनीअर सगळे पलीकडच्या काठाला अडकलेत. तुम्ही थांबाल? या डब्यावर दोन आकडे दिसतात. आत किती, बाहेर किती. अधूनमधून मला फोनवर सांगायचे. बाकी कशाला हात लावायचा नाही." मी म्हटलं, निर्धास्त जा.

दुपारपर्यंत मी तीनदा फोन केला. अलोरे पडलं चिपळूणच्या पुढे डोंगरात, तिथे रेंजचं खरं नाही, तीनही वेळा अर्धंमुर्धं बोलणं झालं. सव्वाचारच्या सुमाराला आतला आकडा सत्तरवर गेला. सत्तर! मी फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "साहेब, ताप चढतोय! सत्तर झाला!"

पलीकडे खरखर. मग त्यांचाच आवाज, घाबराघुबरा, मी कधी न ऐकलेला. "पांघरूण काढा! सगळं काढा आधी! बर्फ आणा, बर्फाच्या पट्ट्या ठेवा, थांबू नका!" आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

आता मला सांगा, उभ्या रत्नागिरीत बर्फ आणायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा कोण होता? मी फॅक्टरीत फोन केला. टेम्पो भरून बर्फ आला. शिवाने आणि त्याच्या माणसांनी घोंगड्या ओढून काढल्या, आम्ही गोणपाटात बर्फ भरभरून चौथऱ्याच्या कपाळावर, कुशीला, जिथे हात पोचेल तिथे ठेवला. त्या माणसांनी हे काम किती मायेने केलं ते मी पाहिलंय. एक जण तर चौथऱ्यावरून हात फिरवत होता. आतला आकडा ढिम्म हलला नाही. बाहेरचा मात्र भराभर उतरला. मला वाटलं, चला, गुण येतोय.

सोमवारी सकाळी चौथऱ्याच्या डोक्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा होता. भाकरीला जातो तसा, बारीक, पण स्वच्छ दिसणारा.

रेडीजसाहेब अलोऱ्याहून तसेच साइटवर आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्यांनी आधी चौथऱ्याला हात लावला. थोरात तिथेच होते. शिवा आणि त्याची माणसं माना खाली घालून उभी होती.

"पांघरूण काढायला कुणी सांगितलं?" थोरातांनी त्या सगळ्यांवर नजर फिरवली. "कुणी आणला बर्फ?"

मला राग आला होता. "रेडीजसाहेबांनीच सांगितलं," मी म्हणालो. "फोनवर. पांघरूण काढा, बर्फाच्या पट्ट्या ठेवा, थांबू नका. शब्दन्‌शब्द."

रेडीजसाहेब माझ्याकडे बघायला लागले. "किती वाजता?"

"सव्वाचार."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरोबर," ते थोरातांना म्हणाले. "मीच सांगितलं. शब्द माझेच आहेत."

"तुम्ही?" थोरातांचा आवाज खाली आला. "आठ दिवस पांघरूण काढायचं नाही म्हणून माझ्याशी दोन महिने भांडलात, ते तुम्ही?"

"मीच."

अट ठरलेलीच होती. संध्याकाळी रेडीजसाहेब आमच्याकडे सामान आवरायला आले. मी त्यांच्याशी धड बोललो नाही. स्वतः चुकीचं सांगायचं, माझ्या हातून नासवून घ्यायचं, आणि सगळ्या साइटदेखत मी वेडा ठरायचं, असं माझ्या मनात चाललेलं. पिशवी खांद्याला लावून ते दारात थांबले. "सत्तर होणारच होता, बर्फवाले. सोंगात तर बहात्तर होता. शब्द चुकला माझा. ताप म्हणायलाच नको होतं. अढी म्हणायला हवं होतं. अढीवर बर्फ कोण ओतेल?"

मला ती सारवासारव वाटली. मी "बरं" म्हटलं. आई मात्र पायरीपर्यंत गेली.

पण त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. रत्नागिरीतल्या माणसाला अढी कळते. आत ऊब धरायची, वरून गवत नीट दाबायचं, मध्येच उघडायचं नाही. शिवाला नि मला त्यांनी एकदा जरी 'ही अढी आहे' सांगितलं असतं, तर साक्षात ब्रह्मदेवाचा फोन आला असता तरी आम्ही पांघरूण काढलं नसतं.

तडा वरवरचा निघाला. तो भरून घेतला आणि चौथरा वाचला. तीन आठवड्यांनी थोरात स्वतः फॅक्टरीत आले. पाऊस जरा लांबला होता, दुसरा चौथरा ओतायचा होता, आणि त्यांच्या माणसांनी जुन्या पद्धतीने ओतलेल्या नमुन्याच्या ठोकळ्याला चारी बाजूंनी तडे गेलेले. "तो रेडीज फोन उचलत नाही हो," ते म्हणाले. "तुमच्याकडे राहायचा ना? जाऊन बघा की जरा. सोंग घेऊन या म्हणावं." आईने शेवटच्या अढीतले दोन डझन आंबे बांधून दिले, आणि मी चिपळूणमार्गे अलोऱ्याला गेलो.

तिथल्या धरणाच्या प्रकल्पासाठी बांधलेल्या जुन्या वसाहतीच्या मागच्या अंगाला त्यांचं बैठं घर होतं. दारात शेजारची बाई तांदूळ निवडत बसलेली. साहेब औषधं आणायला गेलेत, येतीलच, म्हणाली. मी ओटीवर टेकलो. मी रत्नागिरीचा म्हटल्यावर ती आपणहून बोलायला लागली.

"साहेबांचा म्हातारा वाचला म्हनायचा. त्या रविवारी जातोच असा वाटला. अंगावर हात ठेववत नव्हता एवडा ताप. आनि ह्यांचा आपला फोनवर फोन. फोन कानाला, आनि मला वरडून सांगतायत, पांघरून काडा, सगला काडा, बरफ आना, पट्ट्या ठेवा. मी मेली धावत दुकानात गेले, कोल्ड्रिंकवाल्याचा सगला बरफ घेवन आले."

मी विचारलं, "किती वाजता?" मला उत्तर ठाऊक होतं.

"चाराच्या चहाचा टाइम असंल."

आंब्यांची पेटी मांडीवर घेऊन मी तसाच बसून राहिलो.

रेडीजसाहेब आले. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, खरा आनंद, आणि त्याने मला आणखीच लाजवलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं. फोनवर मी ऐकलं ते तुम्ही या बाईंना सांगत होतात."

"सूचना बरोबरच होती हो," ते म्हणाले. "पेशंट बदलला, एवढंच." आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

"मग थोरातांसमोर बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मग शिवाची चूक ठरली असती, त्याच्या पाच माणसांची ठरली असती. त्यांना तिथल्या तिथे घालवलं असतं. आणि तुम्ही खोटं कुठे बोललात? शब्द माझेच होते."

"वडील इतके आजारी आहेत, हे तरी सांगायचं होतं."

ते पिशवीतून औषधं काढून ओळीने मांडत होते. "विषय निघाला नाही," ते म्हणाले.

विषय निघाला नाही. आठ महिने हा माणूस माझ्या घरात जेवला. माझ्या भिंतींचा, माझ्या बर्फाचा, माझ्या आईच्या अढीचा ताप त्याने बघितला. आई एकदा म्हणाली, ह्याच्या घरात कोण आहे का नाही, आणि मी 'असेल कुणीतरी' म्हणून पुढचा घास घेतला. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई लहानपणीच गेलेली. एक वडील, आणि ते सहा वर्षं अंथरुणावर. दर पंधरवड्याच्या रविवारी ते 'अलोऱ्याला काम' म्हणून जात आणि मी त्यांना येताना वसाहतीतला खाजा मिळाला तर आणा असं सांगत असे. ते दरवेळी आणत. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी थोरातांचा निरोप सांगितला. त्यांना खरं काय ते मी उद्याच सांगणार, हेही सांगितलं. "आणि वडिलांना घेऊनच चला," मी म्हटलं. "आमची खालची खोली आहे. आई आहे, बायको आहे, दवाखाना जवळ आहे. तुम्ही साइटवर असाल तेव्हा मी असेन. या वेळी नीट थांबेन."

ते आंब्याच्या पेटीवरची सुतळी सोडवत राहिले. गाठ आईने मारलेली, सुटत नव्हती.

ऊन उतरलं होतं. आतल्या खोलीतून खरखरीत आवाज आला. "पानी मारलास काय रं?"

"मारतो, आबा," म्हणत रेडीजसाहेब लगेच उठले. मला काही कळेना, म्हणून मी त्यांच्या मागोमाग मागच्या अंगणात गेलो. तिथे सिमेंटचा एक जुनाट ओटा होता, कडा झिजून गोल झालेल्या, भेगांत शेवाळ वाळलेलं. बाजूला भरलेली बादली आणि तांब्या. रेडीजसाहेबांनी तांब्या भरला आणि ओट्यावर ओतला. मग दुसरा. पाणी धरायचं त्या ओट्याने केव्हाच सोडलं होतं. ते नुसतं वाहून मातीत जात होतं.

"प्रकल्पावर आबांचं हेच काम," ते हलक्या आवाजात म्हणाले. "ताज्या काँक्रीटला पाणी मारायचं. उभा जन्म तेच केलं. आता बाकी सगळं विसरले. मला ओळखतात तेही कधीमधी. पण संध्याकाळ झाली की पाणी मारल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. नाही आला तर उठून बसतात, रडतात."

"म्हणजे तुम्ही रोज?"

"मी असलो की मी. नसलो की शेजारच्या वहिनी."

चाळीस वर्षांच्या मेलेल्या सिमेंटला पाणी मारून काही होत नाही, हे महाराष्ट्रात या माणसाइतकं नक्की कुणाला ठाऊक असेल? त्याने तांब्या भरला, आणि आबांच्या खिडकीखालच्या कोपऱ्यावर जरा उंचावरून, आवाज होईल असा, ओतला. मला राहवलं नाही. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्यांच्या हातातून तांब्या घेतला. त्यांनी दिला. मी एक तांब्या मारला, दुसरा मारला. माझा हात अडाणी, धार कुठेही जात होती.

आतून आबांनी विचारलं, "कोन रं पानी मारतोय? हात येगला हाय."

रेडीजसाहेब खिडकीच्या गजाला धरून उभे होते.

"आपलेच आहेत, आबा," ते म्हणाले.